एका दिवसाच्या सहलीचें अंदाजपत्रक

एप्रिलच्या अखेरीस परीक्षा संपतात, आणि ज्या घरांत लहान मुलें आहेत अशा बहुतेक घरांतून एकच मागणी पुढें येते: "आम्हांला वॉटर पार्कला न्या." मागणी एका दिवसाची असते. मुलांच्या दृष्टीनें तो दिवस उद्यानाच्या फाटकापाशीं सुरू होतो आणि सायंकाळीं त्याच फाटकापाशीं संपतो. वडील माणसेंही आपला हिशेब तेथूनच सुरू करतात, ही पहिली चूक. तिकिटाचा दर पाहावयाचा, घरांतील माणसांच्या संख्येनें त्यास गुणावयाचें, आणि येईल तो आंकडा म्हणजे सहलीचा खर्च असें धरून चालावयाचें.

पुण्यामुंबईच्या माणसास ही चूक फारशी जड जात नाहीं. पुसदसारख्या गांवीं ती फार जड जाते. पूस नदीच्या कांठचें हें गांव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यांतील एक मोठी बाजारपेठ. वसंतराव नाईक व सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री ह्या तालुक्यानें राज्यास दिले. परंतु आगगाडी गांठावयाची तर येथील माणसास वाशीम, हिंगोली किंवा नांदेड जवळ करावें लागत आलें आहे. खोपोलीजवळचें इमॅजिका २०१३ सालीं सुरू झालें. तें येथून पांचशें किलोमीटरांहून अधिक दूर. ज्या एस्सेलवर्ल्डची जाहिरात आजच्या पालकांनीं आपल्या लहानपणीं दूरचित्रवाणीवर पाहिली व जेथें जाण्याचें स्वप्न बहुतेकांचें तसेंच राहिलें, तें गोराईचें उद्यान १९८९ सालीं सुरू होऊन २०२२ सालीं बंदही पडलें. शेगांवास श्रीगजानन महाराज संस्थाननें उभारलेलें आनंदसागर हें वऱ्हाडांतील कुटुंबांचें मोठें आवडतें स्थान. दर्शन आणि विहार एकाच फेरींत होत असल्यामुळें घरांतील आजीपासून नातवापर्यंत कोणाचाच दिवस वायां जात नसे. पण त्याची पूर्वींची घडी पुढें राहिली नाहीं. आज जावयाचें तर कोणता भाग खुला आहे तें आधीं विचारून घ्यावें हें बरें. राहिलें नागपूर. त्याच्या आसपास पाण्याच्या खेळांचीं उद्यानें आहेत, आणि पुसदचीं मुलें जेव्हां वॉटर पार्क म्हणतात तेव्हां त्यांच्या मनांत बहुधा त्यांपैकींच एखादें असतें.

पुसदच्या अशाच एका गृहस्थांच्या घरीं ही मागणी आली. गृहस्थ नोकरदार, घरीं पत्नी, अडुसष्ट वर्षांची आई, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. घरखर्च भागून महिन्याकांठीं दीड-दोन हजार रुपये मागें पडतात, तेही ज्या महिन्यांत लग्नकार्य अगर आजारपण नसेल त्या महिन्यांत. तिकीट माणशीं सुमारें नऊशें रुपये आहे असें त्यांस समजलें. पांच नव्वे पंचेचाळीस. साडेचार हजारांत काम होईल, आणि नसलेच तर पतपेढींतून उचलतां येतील, असा त्यांचा पहिला विचार होता. गृहिणीनें इतकेंच विचारलें कीं, "जूनमध्यें वह्यापुस्तकें आणि गणवेश घ्यावयाचे आहेत, ते कशांतून?" त्यावर गृहस्थांनीं जें सर्वच बाप म्हणतात तें म्हटलें: "पाहूं पुढच्या वर्षीं."

हें वाक्य मुलीनें मागच्या वर्षींही ऐकलें होतें. ती रडली नाहीं, तिनें हट्टही धरला नाहीं, "आपल्याला परवडत नाहीं का?" एवढेंच तिनें विचारलें. ह्या प्रश्नास घरोघर दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. कोठें मुलावर ओरडलें जातें, आणि कोठें बापाचा मान राखण्याकरितां कर्ज काढून सहल केली जाते. दोन्ही ठिकाणीं मुलास कळावयाचें तें कळत नाहीं. पैसा ही घरांत लपवून ठेवण्याजोगी व लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे एवढेंच तें शिकतें. ह्या घरीं त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आजीनें नातीस तिची एक जुनी वही आणावयास सांगितली आणि मुलास म्हटलें, "अरे, परवडतं कीं नाहीं हें तुलाही कुठं ठाऊक आहे? मांडून तर पाहा."

मांडणी रस्त्यापासून सुरू झाली. पुसद ते नागपूर अंतर त्यांनीं २४० किलोमीटर धरिलें. राज्य परिवहनाचें भाडें सहा किलोमीटरांच्या टप्प्यांनीं मोजलें जातें, आणि २०२५ च्या जानेवारींतील भाडेवाढीनंतर साध्या गाडीस एका टप्प्याला सुमारें दहा रुपये पडतात. चाळीस टप्पे म्हणजे पूर्ण तिकीट चारशें. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें भाडें आहे, म्हणून आईचे दोनशें. पांच ते बारा वर्षांच्या मुलांस अर्धें, म्हणून दोघांचे दोनशें-दोनशें. पासष्ट ते पंचाहत्तर ह्या वयाच्या माणसांसही अर्धेंच. येथें धाकट्यानें शंका काढली कीं, आजी म्हातारीही आहे आणि बाईही आहे, तर तिला फुकट कां नाहीं? सवलतीवर सवलत मिळत नाहीं. आजीस फुकट प्रवास पंचाहत्तरीनंतर. एकूण जाण्याचे बाराशें, येण्याचे बाराशें, मिळून २,४०० रुपये. आपल्या मोटारीनें गेल्यास सुख अधिक, पण पांच माणसांच्या घरांत चौघांस अर्धें भाडें पडत असतां एस. टी. शीं स्पर्धा करणें कठीण, हें स्वतःची गाडी बाळगणाऱ्यांनींही एकदां मांडून पाहावें.

नागपुरास पोहोंचण्यास पांच-सहा तास लागतात. तेव्हां सकाळीं निघून रात्रीं परत हा बेत चिमुकल्या मुलांसह शक्य नाहीं. एका दिवसाच्या सहलीस एक रात्र आपोआप चिकटली. लॉजचे १,५०० आणि रात्रीच्या व सकाळच्या खाण्याचे ९०० धरिले. उद्यानें शहराबाहेर असतात. तेथवर जाणें-येणें आणि गांवांतील रिक्षा मिळून ७०० झाले. तिकिटांचे चार माणसांचे ३,६००. मुलांचें तिकीट अशा ठिकाणीं बहुधा वयावर नसून उंचीवर असतें, आणि धाकटा ठेंगणा, म्हणून त्याचे अर्धे ४५०. त्याची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनें खूण करून मोजलीही गेली. सवलतीच्या रेषेहून तो दोन बोटें खालीं होता. आंत घरचे डबे बहुतेक ठिकाणीं नेऊं देत नाहींत. जेवण पांच जणांचें १,२५० आणि वर चहा-फराळ ४०० असा अंदाज केला. पाण्यांत उतरावयाचें तर नायलॉनचाच पोषाख लागतो. नसल्यास तेथें तो भाड्यानें घ्यावा लागतो. कपडे व पैसे ठेवावयास कुलपाचें कपाट, ज्यास तेथें लॉकर म्हणतात, तेंही भाड्यानेंच. ह्या दोहोंचे ५५० रुपये. अनामत रक्कम निराळी. ती परत मिळते, परंतु तेवढा वेळ ती खिशांत असावी लागते, आणि सायंकाळीं परतीची गाडी गांठण्याच्या घाईंत तिची पावती सांपडत नाहीं असा पुष्कळांचा अनुभव आहे.

बेरीज ११,७५० झाली. एक दशांश अडचणीसाठीं धरिला, तेव्हां आंकडा १२,९०० च्या घरांत गेला. तिकिटें ह्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होतीं. गृहस्थ बराच वेळ वहीकडे पाहात राहिले. पतपेढींतून साडेचार हजार उचलून ते निघाले असते, तर उरलेले आठ हजार वाटेंत कोठून आले असते हा प्रश्न त्यांनीं बोलून दाखविला नाहीं. गृहिणीनेंही विचारला नाहीं.

तिकिटाविषयीं आणखी एक गोष्ट पाहावयाची असते. दर सांगतात तो करासह कीं करावेगळा? करमणुकीच्या उद्यानांच्या प्रवेशावरील वस्तु-सेवा-कर २०१८ च्या जानेवारींत अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. नऊशेंवर तो वेगळा लागला तर एकशें बासष्ट रुपये, म्हणजे ह्या घरास एकूण सातशेंहून अधिक फरक. ह्यांच्या बाबतींत दर करासह होता. पण तें विचारल्यावर कळलें.

आतां आजीचा प्रश्न निघाला, आणि तो तिनेंच काढिला. तिला पाण्यांत उतरावयाचें नव्हतें. मग तिचें तिकीट, जेवण आणि बसभाडें मिळून दीड हजारांहून अधिक रुपये कशाकरितां? ही अडचण केवळ पुसदच्या आजीची नव्हे. जत्रेंत रहाटपाळण्याचे वेगळे पैसे, मौत के कुएंचे वेगळे. जो बसतो तो देतो, आणि आजी फुटाणे खात फुकट पाहाते. अमेरिकेंत १९५५ च्या जुलैमध्यें डिस्नेलँड उघडलें तेव्हां तेथेंही प्रथम प्रवेशाचे थोडे पैसे आणि प्रत्येक खेळाचे निराळे अशीच पद्धत होती; पुढें तिकिटांच्या पुस्तिका आल्या, आणि १९८२ पासून एकदांच काय तें प्रवेशमूल्य देऊन सर्व खेळ मोकळे, हें धोरण कायम झालें. वॉल्टर ओय नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १९७१ सालीं ह्या दुहेरी दराच्या कोड्यावर एक प्रसिद्ध निबंधच लिहिला. फाटकावर किती घ्यावे आणि खेळावर किती, कीं ज्यायोगें मालकाचा लाभ अधिकांत अधिक होईल, असा त्याचा विषय. आपल्याकडील उद्यानांनीं बहुधा एकाच प्रवेशमूल्याची रीत उचलली. तींत दहा वेळां घसरगुंडीवरून येणारा तरुण आणि बांकावर बसून राहणारी आजी ह्यांची किंमत सारखीच. कोठें कोठें ज्येष्ठांस सवलत असते. ती मागून घ्यावी लागते.

हिशेबानें पाहातां आजीनें घरीं राहावें हेंच बरोबर होतें, आणि गृहस्थ तसें म्हणण्याच्या बेतांत होतेही. पण नातीनें विचारलें, "आजी, तुला यायचं आहे कीं नाहीं तें सांग, पैशाचं नंतर." आजी म्हणाली, "मला पाण्यांत उतरायचं नाहीं, पण पोरं पाण्यांत उतरलेलीं पाहायचीं आहेत." वहींत नऊशें रुपये आजीच्या नांवें लिहिले गेले. त्या वहींतील सर्व रकमांत हीच एक रक्कम अशी कीं, जी पुढें कोणीही कापावयास निघालें नाहीं.

कापाकापी इतरत्र झाली. गृहिणीची बहीण नागपुरास असते. तिच्याकडे उतरल्यास लॉजचे आणि खाण्याचे मिळून २,४०० वांचतात. गृहस्थांनीं ते सरळ खोडले, तेव्हां गृहिणीनें पेन्सिल हातांत घेऊन तेथें ६०० मांडिले. बहिणीच्या घरीं पांच माणसांनीं रिकाम्या हातानें जाणें तिला मान्य नव्हतें, आणि पाहुणचार फुकट असतो अशी पुरुषांची जी समजूत असते ती तिनें त्या एका ओळीनें दूर केली. खर्च ९,९५० वर आला. अडचणीचे हजार धरून १०,९५०. मे महिन्यापासून सात पगारांतून दरमहा १,५६५ रुपये बाजूस काढिले तर नोव्हेंबरांत, दिवाळीच्या सुटीच्या अखेरीस, कर्ज न काढतां जातां येत होतें. वारही ठरला तो कामाचा. अनेक उद्यानांत रविवारचा दर अधिक असतो, आणि नसला तरी आंत गेल्यावर पैशाचें काम संपून वेळेचें सुरू होतें. मे महिन्याच्या रविवारीं ज्या घसरगुंडीपाशीं अर्धा तास रांगेंत जावयाचा, तेथें मंगळवारीं मूल उतरून पुन्हां चढतें. तिकीट तेंच, पण दिवस दुप्पट.

मुलांस सात महिने थांबणें सोपें गेलें असें नाहीं. धाकटा दर रविवारीं डबा हालवून पाहात असे. सप्टेंबरांत ताप आल्यामुळें औषधपाण्यांत पैसे गेले आणि डब्यांत कांहींच पडलें नाहीं. तेव्हां दिवाळीच्या कपड्यांतून ती रक्कम काढावी असें मुलीनें सुचविलें. तिचा एक नवा पोषाख त्यांत गेला. आईस तें आवडलें नाहीं, पण बेत मोडावा असेंही तिनें म्हटलें नाहीं. "परवडतं का?" हा प्रश्न मात्र त्या घरांत पुन्हां निघाला नाहीं. डब्यांत किती आहेत आणि किती हवेत, हें चौथींतल्या शेजाऱ्याच्या मुलासही ठाऊक झालें होतें.

नोव्हेंबरांतील त्या मंगळवारीं मंडळी फाटकापाशीं उभीं राहिलीं. तिकिटाच्या खिडकीजवळ भिंतीवर उंचीची पट्टी रंगविलेली होती. गृहस्थ निर्धास्त होते. मोजमाप घरीं झालें होतें. धाकटा पट्टीस पाठ लावून उभा राहिला, आणि रेषेच्या वर त्याचें डोकें बोटभर दिसूं लागलें. खिडकींतील माणसानें पूर्ण तिकिटाचे पैसे मागितले. गृहस्थांनीं एकदां मुलाकडे, एकदां वहीकडे पाहिलें. मुलीनें अडचणीच्या हजारांतून ४५० वजा करून ५५० खालीं लिहिले. आजी हंसून म्हणाली, "सात महिने थांबवलंत त्याला. तेवढ्यांत पोर वाढणार नाहीं तर काय करील?"