गोठ्यातून भिंतीकडे

कुडाच्या भिंतीला लिंपण घालणारी खेड्यातली बाई माती भिजवते, तीत शेण आणि भाताचे तूस कालवते आणि तो काला दोनचार दिवस मुरू देते. घाईने लावलेले लिंपण तडकते, हे तिला कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक असते. नुसती चिकणमाती वाळताना आकसते व भेगाळते. जनावराने रवंथ करून जिरवलेल्या वैरणीचे जे बारीक तंतू शेणात उरतात, ते मातीत सर्वत्र पसरून हा ताण वाटून घेतात. शिवाय मुरताना निर्माण होणारे चिकट पदार्थ मातीचे कण बांधून ठेवतात. गाईचे पोट ही या दृष्टीने एक गिरणीच होय.

सरकारी कारभारालाही ही विद्या अगदीच अपरिचित नाही. केंद्रीय बांधकाम खात्याच्या कागदपत्रांत मातीच्या गिलाव्यावरील शेणकाल्याच्या लेपाला ‘गोबरी लेपिंग’ असे अर्धे हिंदी, अर्धे इंग्रजी नाव आहे. दरपत्रकात शेणाला मिळालेले हे बहुधा एकमेव मानाचे पान! शेणाचा मोठा वैरी म्हणजे पाणी. कोकणातल्या पावसाची झड नुसत्या शेणामातीला सोसत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने मातीत घासलेटाने पातळ केलेले डांबर मिसळून सहसा न धुपणारा गिलावा सिद्ध केला, तो याच कारणाने. पुढे खादी आयोगाने जयपूरच्या कुमारप्पा हातकागद संस्थेत शेणापासून भिंतीचा रंग तयार करविला व १२ जानेवारी २०२१ रोजी तो बाजारात आला. अशा वस्तूंनी अणुकिरणे अडतात, असे जे अधूनमधून सांगितले जाते, त्याला मात्र आधार नाही. आणि शेणाच्या खऱ्या गुणांना अशा टेकूची गरजही नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटी २५ लाख गाईबैल आणि १० कोटी ९८ लाख म्हशीरेडे मोजले गेले. हा आकडा पाहून कारखानदाराला कच्च्या मालाचा डोंगर दिसू लागतो. परंतु दोन जनावरे बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या दारी शेण हा कचरा नव्हे. त्याची गोवरी होते, नाहीतर खत होते. ते चार पैशांसाठी विटांच्या कारखान्यात गेले, तर घर एकाचे बांधले जाईल आणि शेत दुसऱ्याचे उपाशी राहील. कचरा खरा होतो तो शहरालगतच्या तबेल्यांत, जेथे शेकडो म्हशी आहेत आणि शेत नाही; तेथले शेण गटारात जाते.

अशा ठिकाणी आधी वायू काढावा, मग उरलेला रबडा गाळून तंतू वेगळे करावेत आणि द्रव शेताला द्यावा. अमेरिकेत मॅडिसनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेने अशाच पचलेल्या तंतूंपासून दाबफळ्या करून पाहिल्या आहेत. अडचण उरते ती वाहतुकीची. ताज्या शेणात शेकडा ८० च्या आसपास पाणीच असते, आणि गाडीभाडे त्या पाण्याचेच भरावे लागते. तेव्हा फळीचा कारखाना काढावयाचा तर तो तबेल्याच्या कुंपणाला लागूनच काढावा लागेल.