परिचारिकेचे गणित
(घाटकोपर येथे ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-सत्काराच्या वेळी केलेले भाषण)



आज ज्यांचा सत्कार झाला त्यांत परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुली आहेत, हे पाहून आम्हांस विशेष संतोष वाटला. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने १९०९ नंतरच्या काळात ससून रुग्णालयात स्त्रियांना या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली, तेव्हा घरंदाज म्हणविणाऱ्यांनी नाके मुरडली होती. ती अढी आता राहिली नाही. परंतु तिच्या जागी दुसरा एक गैरसमज आला आहे. ‘मुलीला गणित जमत नाही, तेव्हा तिला नर्सिंगला घालावे,’ असे आपल्याच घरांतून आम्ही ऐकतो. आम्ही बरीच वर्षे या मुलींना शिकविण्यात घालविली आहेत. म्हणून स्पष्ट सांगतो, की ज्या धंद्यात दशांशचिन्हावर माणसाचा जीव टांगलेला असतो, तो धंदा गणितापासून पळणाऱ्यांचा नव्हे.

आमच्या उमेदवारीच्या काळातील एक प्रसंग सांगतो. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ॲट्रोपीनची मात्रा ‘.५ मिलिग्रॅम’ अशी लिहिली होती. कागदावरच्या आखलेल्या रेघेत टिंब लोपले आणि विद्यार्थिनीने ‘५’ वाचले. एका ॲम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम औषध. तिने सूत्र अचूक मांडले, भागाकार अचूक केला आणि ॲम्प्यूल फोडावयास घेतले. शेजारच्या वृद्ध सिस्टरनी एवढेच विचारले, “बाळ, एका माणसाला आठ ॲम्प्यूल?” तेवढ्या प्रश्नाने अनर्थ टळला. हवे होते ते एका ॲम्प्यूलहूनही थोडे कमी, म्हणजे ०.८३ मिलिलिटर. कीटकनाशकाच्या विषबाधेसारखा प्रसंग सोडला, तर इतके ॲट्रोपीन कोणासही लागत नाही.

या प्रसंगातून आम्ही दोन नियम शिकलो. पहिला लिहिण्याचा : टिंबाच्या आधी शून्य अवश्य द्यावे, ‘०.५’, आणि पूर्णांकापुढे टिंब-शून्य कधीही देऊ नये, ‘५.०’ नव्हे, ‘५’. दुसरा नियम विचाराचा : आकडेमोडीपूर्वी उत्तराचा अंदाज बांधावा. सूत्र सोपे आहे. हवी असलेली मात्रा, भागिले हाती असलेली मात्रा, गुणिले ती ज्या परिमाणात आहे ते परिमाण. परंतु चुकीचा आकडा घातल्यास सूत्र तक्रार करीत नाही. तक्रार करावयाची ती आपल्या बुद्धीने.

घरातलेच उदाहरण घ्या. बारा किलो वजनाच्या तापकरी बालकास डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल सांगितले, म्हणजे १८० मिलिग्रॅम. बाजारात एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असते, दुसरीत २५०. पहिलीतून ७.२ मिलिलिटर द्यावयाचे, दुसरीतून ३.६. बाळ तेच, औषध तेच. परंतु बाटलीवरचे लेबल न वाचणारी आई दुप्पट तरी देईल किंवा निम्मे तरी. शिवाय स्वयंपाकघरातील चमचा हे माप नव्हे. बाटलीबरोबर मिळते तेच माप वापरावे.

इन्सुलिनची गोष्ट याहून नाजूक. आपल्याकडे मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली कुपी मिळते आणि १०० युनिटांचीही मिळते. सिरिंजही दोन प्रकारच्या : चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. शंभरच्या कुपीतील औषध चाळीसच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत ओढले, तर वीसऐवजी पन्नास युनिट अंगात जातात. उलट गल्लत झाली तर वीसऐवजी आठच. पहिल्या चुकीने साखर एकाएकी उतरून रोगी बेशुद्ध होतो; दुसरीने साखर चढतच राहते.

सलाईनचेही असेच. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यावयाचे आणि नळीच्या संचाच्या वेष्टनावर मिलिलिटरमागे २० थेंब असे छापले असेल, तर दहा हजार थेंब २४० मिनिटांत वाटावयाचे, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२. राजावाडी रुग्णालयात आपल्यापैकी कित्येकांनी आप्तांच्या उशाशी रात्री काढल्या असतील. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत नळीजवळ उभी असलेली सिस्टर उगाच वेळ काढीत नसते. ती हा भागाकार पडताळून पाहत असते.

आता वडीलधाऱ्यांस एक स्मरण देतो. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी मुखोद्गत असे. तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा हा हिशेब ते दिवाणावर बसल्या बसल्या करीत. ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांतून ७५० द्यावयाचे म्हणजे दिडकीच नव्हे काय? इन्सुलिनची वर सांगितलेली चूक ही नेमकी अडीचपट आहे. अडीचकी पाठ असलेल्या मुलीस पन्नासाचा आकडा तत्क्षणी खटकेल. १९५७ साली दशमान नाणी आली, मागोमाग दशमान वजनेमापे आली आणि दवाखान्यांतून ग्रेन, ड्रॅम व औंसही गेले. हिशेब सोपा झाला, पण त्याबरोबर तोंडी गणिताची सवयही गेली. यंत्र उत्तर देते. परंतु ‘आठ ॲम्प्यूल?’ असे यंत्र विचारीलच, याचा भरवसा धरू नये.

म्हणून मंडळास आमची विनंती आहे, की शिष्यवृत्तीबरोबरच रविवारी सकाळी एक तास या मुलींसाठी गणिताचा वर्ग चालवावा. शिकविण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू. घरोघरच्या मातापित्यांनी मुलीस ‘तुला जमत नाही’ असे म्हणणे आजपासून सोडावे. आणि मुलींनो, शंका आल्यास विचारण्याची लाज बाळगू नका. दुसरीकडून हिशेब तपासून घेणे हा कमीपणा नसून त्या धंद्याचा धर्म आहे. त्या दिवशी विद्यार्थिनीचा हात थांबला, कारण विचारणारे कोणी तरी शेजारी होते. पुढे कोणाच्या तरी शेजारी तुम्हांला तसे उभे राहावयाचे आहे.