ट्रकच्या इंजिनातली टिकटिक आणि माझा चुकलेला अंदाज

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "दादा, तू सॉफ्टवेअरवाला, मग ट्रकचं काय सांगणार?" सांगतो. आधी हे ऐका.

[ट्रकचा आवाज, १० सेकंद]

ऐकलंत? धडधडीच्या मागे एक बारीक टिक-टिक-टिक आहे. हा आमच्या आप्पांचा ट्रक. सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, कर्जाचे १४ हप्ते बाकी. गेल्या दिवाळीत मी कराडला घरी गेलो, तेव्हा आप्पा दोन दिवस नीट जेवत नव्हते. एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, "बेअरिंग गेलं, हाफ इंजिन करावं लागेल, दीड लाख धरून चाला."

मी म्हटलं, थांबा. न बघता कोड परत लिहायला घेत नाहीत, तर न बघता इंजिन का उघडायचं?

सगळ्यात आधी ऑइल. डिपस्टिक काढली, लेव्हल बरोबर. ऑइल प्रेशरचा काटाही जागेवर. हे पहिलं का? कारण ऑइल कमी असेल किंवा प्रेशरचा दिवा लागत असेल, तर पुढची कुठलीही तपासणी करायची नाही. इंजिन लगेच बंद करायचं.

मग मी माझी हुशारी काढली. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला आणि लॅपटॉपवर त्याचा ग्राफ पाहिला. इंजिन आयडलला ७०० आरपीएमवर होतं. म्हणजे क्रँक सेकंदाला साधारण १२ वेळा फिरतो. टिकटिक मात्र सेकंदाला सहाच. बरोबर निम्मी! फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. शिवाय गेलेल्या बेअरिंगचा आवाज जड असतो, ठक-ठक, आणि लोड आला की वाढतो. आपला आवाज बारीक होता.

मी आप्पांना छाती फुगवून सांगितलं, "टॅपेट आहे. रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट वाढलीय."

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मुलाला घेऊन थंड इंजिनावर टॅपेट कव्हर उघडलं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाची फीलर गेजची पट्टी घालून एकेक फट तपासली. एक टॅपेट किंचित सैल निघालं, ते सेट करून चेक नट आवळला. कव्हर लावलं, स्टार्टर मारला.

टिक-टिक-टिक. होती तशीच.

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी बोललेलं परवडलं असतं.

शेवटी आम्ही एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझा ग्राफ बघितला, हसले, आणि आप्पांकडे वळून विचारलं, "मालक, सकाळी जास्त वाजतंय का दुपारी?"

आप्पा म्हणाले, "सकाळी. गाडी तापली की कमी होतं. आणि पुण्यावरनं माल घेऊन येताना खंबाटकी घाटात दम कमी पडतोय. पोराला सांगितलं होतं मी."

खरंच सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, "आप्पा, त्याचा काय संबंध?"

मिस्त्रींनी सकाळी थंड गाडी मागवली. आधी लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरली. मग रबरी पाइपचा तुकडा घेतला. एक टोक कानाशी, दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडेने हळूहळू फिरवलं. सहाव्या सिलिंडरपाशी थांबले. "ऐक," म्हणाले. पाइपमधून स्पष्ट फट्-फट् येत होतं. टॉर्च मारला तर तिथे काजळीची काळी रेघ, आणि शेवटचा स्टड तुटलेला!

आता गंमत बघा. एका सिलिंडरचा धूरही दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो. म्हणजे माझं गणित बरोबर होतं, पण ते टॅपेटलाही लागू होतं आणि मॅनिफोल्डच्या लीकलाही. मी एकच नाव धरून बसलो. दोघांत फरक दाखवणारी टेस्ट केलीच नाही. ती टेस्ट म्हणजे तो पाइप. धातूचा आवाज स्क्रू ड्रायव्हरमधून चांगला येतो, हवेतून फुटणारा आवाज पाइपमधून. बाकी पुरावे आप्पांकडे होते. मॅनिफोल्ड तापून फुगलं की फट थोडी मिटते, म्हणून दुपारी आवाज कमी. आणि टर्बोच्या आधीच गॅस निसटला की टर्बोला जोर मिळत नाही, म्हणून घाटात दम नाही.

तुटलेल्या स्टडवर नट वेल्ड करून तो बाहेर काढला. नवीन स्टड, नवीन गॅस्केट, आणि आवळणी मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे. साडेचार हजारांत काम झालं.

तुम्ही करणार असाल तर दोन गोष्टी. चालू इंजिनाजवळ फॅन आणि बेल्टपासून हात, बाही, ओढणी लांब ठेवा. आणि कॉमन रेल इंजिन असेल तर ते चालू असताना इंजेक्टरचा पाइप कधीही सैल करू नका. आत हजार बारच्या वर प्रेशर असतं, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

ऑफिसात बग आला की आता मी लॉग उघडण्याआधी ज्याला तो बग दिसला त्याला फोन करतो. "नेमकं केव्हा होतं? आणखी काय बदललंय?"

आप्पांनी परवा घाटातून फोन केला होता. म्हणाले, "तिसऱ्यावर चढली रे." एवढंच.

तुमच्या गाडीचा असा आवाज असेल तर रेकॉर्ड करून पाठवा. सोबत थंड असताना वाजतो की गरम, हे नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!