उजवीकडचे स्टिअरिंग, उजवीकडचा रस्ता

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर संतसाहित्य, आयुर्वेद, नाहीतर करबचत या विषयांवर जाणकार मंडळी बोलतात. यंदा कार्यकारिणीला कोणी मिळाले नसावे, म्हणून माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या सेक्शन इंजिनिअरला उभे केले आहे. विषय तुमचा तुम्हीच निवडा, असेही सांगितले. मला दोनच विषय येतात, रेल्वेचे इंजिन आणि मोटारसायकल. इंजिनांबद्दल शेडमध्ये रोज बोलतोच, तेव्हा आज दुसऱ्या विषयावर.

आपल्यातल्या जुन्या लोकांना गोरेकाका आठवत असतील. २००९-१० मध्ये एका कंत्राटदार कंपनीचे सल्लागार म्हणून एक इंग्रज गृहस्थ बिलासपूरला दीड वर्ष राहिले होते. मी तेव्हा ज्युनिअर इंजिनिअर होतो. वर्ण गोरा म्हणून आम्ही आपसात त्यांना गोरेकाका म्हणू लागलो, आणि सोलापूरहून नव्याने आलेल्या एका वहिनींनी त्यांना कोकणस्थ समजून चक्क मराठीत चहाला बोलावले होते! ते आणि काकू आपल्या गणपतीला येत. काकूंना उकडीचे मोदक फार आवडत, पण त्यांचे लक्ष गणपतीपेक्षा त्याच्या उंदराकडे जास्त असे. एवढ्या मोठ्या देवाला एवढेसे वाहन कसे पुरते, असे त्या विचारत.

काका २०१२ साली निवृत्त झाले आणि इंग्लंडला न जाता फ्रान्समध्ये शारांत नावाच्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात जाऊन राहिले. शारांत, त्याच्या पूर्वेचा लिमुझँ आणि दक्षिणेचा दोर्दोन्य या भागांत इंग्रजांची बरीच वस्ती आहे. खेड्यांतली फ्रेंच मुले शहरांत गेली, दगडी घरे ओस पडली, आणि इंग्लंडमधले साधे घर विकून आलेल्या पैशांत इथे परसासकट मोठे घर येऊ लागले. हवा जरा उबदार. शिवाय माझ्यासारख्यांना कळेल असे आणखी एक कारण म्हणजे रस्ते. वळणावळणाचे, गुळगुळीत आणि रिकामे. इंग्लंडमध्ये गाडी बाळगणारा शौकीन रविवारी सकाळी सहाला बाहेर पडतो, कारण नंतर गर्दी होते. इथे दुपारी बारा ते दोन अख्खा देश जेवायला बसलेला असतो, तेव्हा निघावे.

सप्टेंबर २०२३ मध्ये तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी मी पूर्व फ्रान्समधल्या एका कारखान्यात गेलो होतो. एका शुक्रवारी परवानगी काढली आणि पॅरिसहून अंगुलेमची गाडी पकडली. सुमारे दोन तासांचा प्रवास. या गाडीबद्दल एक सांगतो, मग पुढे जाऊ. फ्रान्समध्ये मोटारी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, पण दुहेरी मार्गावर आगगाड्या डाव्या बाजूने धावतात! याचे कारण इंग्रज. तिथल्या सुरुवातीच्या रेल्वेवर इंग्रज अभियंत्यांचा मोठा प्रभाव होता. पॅरिस-रूआँ हा १८४३ साली सुरू झालेला मार्ग जोसेफ लॉक या इंग्रज अभियंत्याने बांधला. अल्सास भागात मात्र गाड्या उजवीकडून धावतात, कारण १८७१ ते १९१८ तो भाग जर्मनांकडे होता. जुन्या सरहद्दीजवळ डावीकडचा रूळ उड्डाणपुलावरून उजवीकडे नेलेला आहे. इंग्रज माणूस फ्रान्समध्ये यंत्र घेऊन गेला की डावे-उजवे करतोच, असे मी काकांना म्हणालो. ते म्हणाले, "थांब, माझी गाडी बघ आधी."

स्टेशनबाहेर त्यांची गाडी उभी होती. कॅटरहॅम सेव्हन. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीला टेकलेला ॲल्युमिनियमचा एक लांब डबा, पुढे उघडी चाके, दोन माणसांपुरती जागा. दार नाही, असतो तो कापडी पडदा. बसायचे म्हणजे पाय आत सोडून पाण्याच्या टाकीत उतरल्यासारखे उतरायचे. बसल्यावर हात बाहेर लोंबकळत सोडला तर बोटे जवळजवळ डांबराला लागतात. वजन सहाशे किलोच्या आत. आपले डब्ल्यूएजी-९ इंजिन १२३ टनांचे, म्हणजे त्यात अशा दोनशे गाड्या बसल्या. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ही गाडी काढली, आणि १९७३ पासून कॅटरहॅम ती बनवते. सुरुवातीला ती सुट्या भागांत विकत, घरी जोडायची. कारण त्या काळी इंग्लंडमध्ये तयार गाडीवर खरेदीकर पडे, सुट्या भागांवर नसे. (पाहा, करबचतीचा विषय आलाच.)

काकांनी ही गाडी इंग्लंडहून आणली, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. आता हे जरा नीट समजून घ्या. आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते आणि चालक गाडीत उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे बसतो. पुढच्या ट्रकला ओलांडायचे तर जरा बाजूला झाले की समोरचे दिसते. फ्रान्समध्ये तीच गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. मग चालक बसतो गवताच्या कडेला आणि शेजारचा माणूस रस्त्याच्या मध्याकडे. चालकाला पुढे दिसते ती फक्त ट्रॅक्टरची पाठ. गाडी जमिनीलगत असल्यामुळे ट्रॅक्टरची पाठसुद्धा नाही, त्याचे चाक.

म्हणून स्टेशनबाहेर पडताच काकांनी मला कामाला लावले. पुढे गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेली ट्रॉली होती. "बोल," ते म्हणाले, "रस्ता कसा आहे?" मी मान बाहेर काढून पाहिले आणि तोंडून आपसूक निघाले, "हिरवा!" लोको पायलट आणि असिस्टंट सिग्नल पुकारतात ना, तसे. काकांनी तिसरा गियर टाकला आणि आम्ही ट्रॉलीच्या पुढे गेलो. मग तीन दिवस मी त्यांचा असिस्टंट झालो. लाल, पिवळा, हिरवा. काका बिलासपूरला राहिलेले, त्यांना सगळे कळत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले की हे काम आधी काकू करत. मोसमात रोज संध्याकाळी दोघे निघत, आणि काकू मांडीवर भाकरीएवढा नकाशा ठेवून रस्ता पुकारत. काकू २०२१ मध्ये गेल्या. तेव्हापासून काका एकटे असले की ट्रॅक्टरच्या मागे मुकाट्याने चालतात. "वीस किलोमीटर एका ट्रॅक्टरमागे गेलोय," ते म्हणाले, "घरी आल्यावर कपड्यांना शेणाचा वास." एवढे बोलून ते चहा करायला आत गेले. मी गॅरेजात थांबलो.

गॅरेजात त्यांची दुसरी लाडकी होती, ट्रायम्फ बॉनव्हिल मोटारसायकल. मोटारसायकलला डावे-उजवे नाही, हा तिचा तिथे मोठा गुण. फक्त एक फरक पडतो. इंग्लंडमध्ये समोरून येणारा दुचाकीस्वार आपल्या उजव्या हाताला येतो, आणि उजवा हात ॲक्सिलरेटरवर अडकलेला, म्हणून ते नुसती मान हलवतात. फ्रान्समध्ये समोरचा डाव्या हाताला येतो, डावा हात मोकळा, म्हणून हात खाली सोडून दोन बोटांनी रामराम करतात. मोटारवाल्याने बाजूला होऊन वाट दिली तर उजवा पाय बाहेर काढून आभार मानतात. आपल्याकडे पाय दाखवला तर काय होईल ते सांगायला नको! काका म्हणाले की पहिल्या वर्षी ते फक्त मान हलवत, तर लोकांना वाटे हा माणूस घुम्मा आहे. हात दाखवू लागले तेव्हा गावातला पाववाला बोलायला लागला.

रविवारी अंगुलेमला शर्यती होत्या. जुन्या तटबंदीच्या शहरातल्या रस्त्यांवर, कॅथेड्रलला वळसा घालून, जेमतेम सव्वा किलोमीटरच्या फेरीत जुन्या मोटारी पळतात. पहिली शर्यत १९३९ ची. १९५० मध्ये इथे फांजिओ जिंकला होता. आता सप्टेंबरच्या मध्यावर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, आणि आदल्या दिवशी शनिवारी त्या गाड्या आसपासच्या द्राक्षमळ्यांतून फेरी मारतात. ती फेरी आम्ही एका वळणावर उभे राहून पाहिली. निळ्या बुगाटी, हिरव्या इंग्रजी गाड्या, एरंडेल तेलाचा जळका वास. गावातल्या आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या, आपल्याकडे विसर्जनाची मिरवणूक पाहायला बसतात तशा.

पण नुसती मजाच आहे असे समजू नका. कागदपत्रांचा जाच तिथेही आहे. परदेशी गाडी आणून राहायला आलात की महिन्याच्या आत फ्रेंच नोंदणी करावी लागते. कंपनीचे अनुरूपता प्रमाणपत्र, करखात्याचा दाखला, गाडीची तांत्रिक तपासणी. इंग्लंडच्या गाडीचे हेडलाइट डाव्या कडेकडे प्रकाश टाकतात, तिथे तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून दिवेही बदलायचे. मला हे ऐकताना आपली एनओसी आठवली. माझी बुलेट एमएच-१९ ची सीजी-१० करताना मी किती खेटे घातले ते माझ्या पत्नीला विचारा. आपल्याला २०२१ मध्ये बीएच मालिका मिळाली, फ्रान्समध्ये २००९ पासून गाडीचा नंबर आयुष्यभर एकच. त्यातली गंमत अशी की पाटीच्या कडेला जिल्ह्याचा आकडा असतो, तो मालकाने आपल्या मर्जीने निवडायचा, कुठेही राहत असला तरी. पॅरिसमध्ये जन्म काढलेला माणूस आपल्या गावाचा आकडा लावून फिरतो. असे इथे असते तर या कॉलनीत भुसावळ, नागपूर आणि मिरज यांच्या पाट्या किती दिसल्या असत्या!

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर या इंग्रजांच्या पोटात गोळा आला होता. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी तिथे राहत असलेल्यांना राहण्याचा हक्क मिळाला. काकांना कार्ड मिळाले, पण उन्हाळ्यात मोटारसायकली घेऊन येणारे त्यांचे मित्र आता १८० दिवसांत ९० दिवसच राहू शकतात. परवान्याचा घोळ जून २०२१ च्या करारानंतर सुटला. काकांनी इंग्रजी परवाना देऊन फ्रेंच घेतला. आणि इथेच त्यांना एक अनपेक्षित गोष्ट कळली. इंग्लंडमध्ये सत्तरी गाठली की परवाना संपतो, मग दर तीन वर्षांनी नवा करायचा आणि तब्येत ठीक असल्याचे लिहून द्यायचे. आपल्याकडे तर चाळिशीनंतरच डॉक्टरचा दाखला लागतो. फ्रान्समध्ये मोटारीच्या आणि मोटारसायकलच्या परवान्याला वयाची तपासणी नाही, कार्ड तेवढे पंधरा वर्षांनी बदलायचे. काका तेव्हा ७२ वर्षांचे होते. "म्हणजे थांब असे मला कोणी सांगणार नाही," ते म्हणाले. "पूर्वी ती सांगायची."

खरे सांगायचे तर त्या वर्षी जूनमध्ये बॉनव्हिल त्यांच्या हातून अंगणातच आडवी झाली होती. सव्वादोनशे किलोची गाडी, खाली खडी. पाय अडकला नाही, पण उचलता येईना. शेजारचा शेतकरी येईपर्यंत पाऊण तास ते तिच्याशेजारी बसून राहिले. इस्पितळ ४० किलोमीटरवर. लंडनला असलेल्या मुलीला त्यांनी सांगितले नव्हते, मला सांगितले, आणि वर बजावले की तिला कळवू नकोस. मी कळवले नाही. बरोबर केले की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माझे वडील भुसावळला अजून लुना चालवतात, आणि शेजारी मला काय काय सांगत नसतील, असे त्या रात्री मनात आले.

एप्रिल २०२४ पासून फ्रान्सने मोटारसायकलींनाही तांत्रिक तपासणी लागू केली. दुचाकीवाल्यांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले होते. २०१७ पूर्वीच्या गाड्यांना त्या वर्षअखेरची मुदत होती. काकांच्या बॉनव्हिलची पाळी आली तेव्हा त्यांनी तपासणी करून घेतली, ती पास झाली, आणि पास झालेलीच त्यांनी विकली. बदल्यात घेतली ट्रायम्फ स्पीड ४००, १७० किलोची. त्यांचे पत्र आले. त्यात एकच प्रश्न होता, चाकण या शब्दाचा उच्चार कसा करायचा? नवी गाडी इंग्लंडमधली नव्हे, बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनलेली! मी उच्चार लिहून पाठवला आणि विचारले, आडवी झाली तर उचलता येते का? उत्तर आले की मुद्दाम गवतावर आडवी पाडून, उचलून पाहिली. आली. दुसऱ्यांदा पाडून पाहिली नाही.

कॅटरहॅम अजून आहे. डावीकडे स्टिअरिंग असलेली दुसरी घ्या, असे मी सुचवले होते. त्यावर त्यांनी काही लिहिले नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याला डाव्या सीटवर बसवून पाहिले. त्याला पुकारण्याचे काम समजावले. पण समोर ट्रक असो, बस असो, तो एकच शब्द ओरडतो, "वाझी!" म्हणजे "चल, जाऊ दे!" दोनदा जीव वाचला. तेव्हापासून कॅटरहॅम पुन्हा ट्रॅक्टरच्या मागे.

मी यावे म्हणून ते दर पत्रात लिहितात. रजा आणि तिकिटाचे पैसे हे दोन्ही एकाच वर्षात जमले की जाणार आहे. शर्यतींचे आणि त्या गाडीचे फोटो प्रसादाच्या टेबलाशेजारी लावले आहेत, ते जरूर पाहा. डाव्या सीटवर डोळे मिटून बसलेला मीच आहे. फोटो काढला तेव्हा रस्ता हिरवा होता, तेवढी खात्री देतो. गुरुजी मघापासून घड्याळ दाखवत आहेत, आरतीला उशीर होतो आहे.