सूज बाहेरून दिसत नाही

आम्ही बचत गटाच्या बाया. आज हिशोबाचं नाही, काळजाचं बोलायचं आहे.

आमच्या गटातल्या एका काकूंना हार्ट अटॅक आला होता. अँजिओप्लास्टी झाली, नसेत स्प्रिंग बसवली. वर्षभराने रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. "नस मोकळी झाली, आता कशाला गोळ्या?" म्हणून काकूंनी गोळ्या थांबवल्या. वाचलेल्या पैशांतून गटाचा हप्ता भरला. हप्ता वेळेवर आला म्हणून आम्हीही खूश! चार महिन्यांनी काकूंना पुन्हा अटॅक आला. त्या वाचल्या, पण आमच्या मनाला ते लागून राहिलं. हप्ता विचारला, गोळ्या विचारल्या नाहीत.

मग आम्ही डॉक्टरांना मीटिंगला बोलावलं. त्यांनी सांगितलं ते असं.

आपल्याला वाटतं, नस म्हणजे मोरीचा पाइप. गाळ काढला की झालं. पण नसेची भिंत जिवंत असते. पायात काटा मोडला की जागा सुजते, पिकते ना? रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. नसेतही तसंच. कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळतात आणि तिथेच मरतात. आत मऊ गोळा, वर पातळ पापुद्रा. सूज राहिली की पापुद्रा झिजतो, एक दिवस फाटतो. तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. स्प्रिंग एक जागा उघडते, बाकीच्या नसांतली सूज तशीच राहते.

म्हणून गोळ्या चालू ठेवायच्या. स्टॅटिनची गोळी कोलेस्टेरॉल उतरवते आणि सूजही कमी करते. अ‍ॅस्पिरिन गुठळी होऊ देत नाही. रिपोर्ट चांगला येतो तो गोळ्यांमुळेच.

नुसत्या सुजेवरही औषध शोधलं गेलं. 2017 साली सुमारे दहा हजार रुग्णांवरचा अभ्यास आला. कोलेस्टेरॉल तेवढंच राहिलं, फक्त सूज उतरली, तरी अटॅक कमी झाले. पण ते इंजेक्शन फार महाग. पुढे कोल्चिसीन हे गाऊटचं जुनं, स्वस्त औषध तपासलं. 2019 आणि 2020 च्या अभ्यासांत फायदा दिसला, 2024 च्या मोठ्या अभ्यासात दिसला नाही. म्हणून ते कुणाला द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात.

आता नीट ऐका. पावसाळ्यात आपल्या कुंपणावर लाल-पिवळ्या फुलांची कळलावी चढते. तिच्या कंदात हेच कोल्चिसीन असतं. पण गोळीत ते अर्धा मिलिग्रॅम मोजलेलं असतं, कंदात किती ते कुणी मोजलेलं नसतं. कळलावीने माणूस दगावतो. कुणी काढा सांगितला तरी घेऊ नका. सूज म्हटली म्हणून दुकानातून अंगदुखीच्या गोळ्याही आणू नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी हृदयाचा धोका वाढतो.

सूज वाढवणाऱ्या गोष्टी आपल्या घरातच आहेत. विडी-सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, हाताबाहेर गेलेली साखर. मिश्रीही सोडा, तीसुद्धा तंबाखूच. बीपी आणि साखर उपकेंद्रात तपासून घ्या.

बाईचा अटॅक नेहमी छातीत कळ येऊनच येतो असं नाही. दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते, दरदरून घाम येतो, मळमळतं. पित्त समजून घरी बसू नका, 108 ला फोन करा.

आता आमच्या मीटिंगमध्ये हप्त्याआधी गोळ्यांची विचारपूस होते. पैसे कमी पडले तर गटातून औषधाला कर्ज देतो. पैशांसाठी गोळी थांबवायची नाही, असा ठरावच केला आहे. काकू आता पहिल्या रांगेत बसतात आणि त्याच सगळ्यांना विचारतात, "गोळी घेतली का गं?"

तुमच्या गटातही हा प्रश्न विचारा.