सर्व्हरच्या खोलीतली वही

नळाला वेळेवर पाणी येतं तोवर पाणी सोडणाऱ्या माणसाची आठवण कुणालाच येत नाही. संगणकाच्या जगात हेच नशीब सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर नावाच्या माणसाचं असतं. बँकेतली रांग पुढे सरकते, तिकीट निघतं, निकाल मोबाईलवर दिसतो, तोवर तो कुणाच्या गावीही नसतो. खिडकीवर 'सिस्टीम बंद आहे' अशी पाटी लागली, की सगळे त्याला शोधत येतात. २००० सालापासून जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी या मंडळींचे आभार मानण्याचा दिवस पाळला जातो. मला त्या दिवशीही फोन येतो, तो प्रिंटर चालत नसल्याचा!

या खोलीत माझी वीस-बावीस वर्षं गेली. नवीन मुलं विचारतात, "सर, एवढी कामं तुम्ही उरकता कशी?" त्यांना वाटतं, मी एखाद्या जादूच्या सॉफ्टवेअरचं नाव सांगेन. मी ड्रॉवर उघडून दोनशे पानी वही बाहेर काढतो. त्यांचा चेहरा पडतो.

आमच्या धंद्यात वेळ खातं ते काम नव्हे, मध्येच येणारं दुसरं काम. तुम्ही मोठी बेरीज करत आहात, हातचे सांभाळत निम्म्यावर आलात, आणि कुणी विचारलं, "चहा घेणार का?" की पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात. प्रोग्रामरचं नेमकं असंच होतं. थॉमस लिमोन्चेली या अमेरिकी लेखकाने सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरच्या वेळेच्या नियोजनावर २००५ साली एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक उपाय आम्ही जसाच्या तसा उचलला. दोघं असाल तर सकाळी एकाने सगळे फोन, सगळ्या तक्रारी घ्यायच्या आणि दुसऱ्याने आत बसून सलग काम करायचं. दुपारनंतर अदलाबदल. एकटेच असाल तर तक्रार वहीत लिहा, तीसुद्धा सांगणाऱ्याच्या देखत. माझा अनुभव असा, की माणसाला काम लगेच व्हायलाच हवं असतं असं नाही; आपलं म्हणणं कुठेतरी नोंदलं गेलं, एवढं दिसलं तरी तो निवांत जागेवर जातो.

प्रोग्रामरांनी आणखी एक करावं. खुर्चीतून उठण्यापूर्वी एक ओळ लिहावी, 'आता पुढे हे करायचं आहे.' जेवून आल्यावरचा अर्धा तास वाचतो.

पण वेळेपेक्षाही मोठी गोष्ट सांगायची आहे. गिटलॅब ही प्रोग्रामरांचं काम साठवून ठेवणारी मोठी सेवा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक अभियंता उशिरापर्यंत एका बिघाडाशी झुंजत होता. माहितीचा मुख्य सर्व्हर एक आणि त्याची जुळी प्रत ठेवणारा दुसरा. दोघांच्या नावांत फरक एका आकड्याचा. दुसऱ्यावरची माहिती पुसून ती नव्याने भरायची होती. पुसण्याची आज्ञा गेली पहिल्याला! एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने ती थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं.

मग बॅकअप शोधायला गेले. रोज बॅकअप घेणारी यंत्रणा आधीपासूनच अपयशी ठरत होती आणि तसं कळवणारे ई-मेल कुणाला पोचतच नव्हते. त्याच अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्या एका कामासाठी हाताने एक प्रत घेऊन ठेवली होती, ती कामी आली. मधल्या सहा तासांतली माहिती मात्र गेलीच. कंपनीचं मला कौतुक वाटतं ते असं, की त्यांनी लपवाछपवी केली नाही. दुरुस्ती चालू असताना ती यूट्यूबवर थेट दाखवली.

यात त्या अभियंत्याला कुणी मूर्ख म्हणेल, तर ते मला मान्य नाही. रात्री बाराला थकलेल्या डोक्याला दोन सारखी नावं सारखीच दिसणार. म्हणून डोक्यावर भार टाकायचाच नाही. आमच्याकडे चालू सर्व्हरची खिडकी लाल रंगाची असते, सरावाच्या सर्व्हरची पिवळी. काहीही पुसण्याआधी कीबोर्डवरचे हात उचलायचे आणि सर्व्हरचं नाव मोठ्याने वाचायचं. जपानमधले रेल्वेचालक सिग्नलकडे बोट दाखवून तो तोंडाने उच्चारतात, तसंच हे. पहिले आठ दिवस मुलं हसतात, मग हसत नाहीत.

दुसरा धडा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला. नाइट कॅपिटल या दलाली पेढीने २०१२ मध्ये नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर हाताने चढवला. सातांवर चढला, आठवा राहिला. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या आठव्यावरच्या जुन्या प्रोग्रामने पाऊण तासात अमाप सौदे केले. तोटा झाला ४६ कोटी डॉलरहून अधिक. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने ९७ ई-मेल पाठवले होते. त्यांचा अर्थ कुणी लावला नाही. दुसऱ्या माणसाने तपासून पाहण्याचा लेखी नियमही नव्हता.

म्हणून एकच काम तिसऱ्यांदा करायची वेळ आली, की ते यंत्रावर सोपवावं. ठरल्या वेळी काम करणारा 'क्रॉन' युनिक्समध्ये १९७० च्या दशकापासून आहे आणि त्याला सुटी लागत नाही. पर्ल भाषेचा जनक लॅरी वॉल तर आळसाला प्रोग्रामरचा सद्गुण मानतो. मात्र आधी पायऱ्या वहीत उतरवा, मगच प्रोग्राम लिहा. आणि तो आधी 'मी हे करणार आहे' एवढंच छापेल, विचारल्याशिवाय करणार नाही, असा लिहा.

काही जाणकार मंडळींना लिहून ठेवणं नको असतं. सगळं मलाच ठाऊक, म्हणून माझी किंमत, असा हिशेब. माझ्या एका स्नेह्याला मुलीच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना ऑफिसचा फोन आला होता. सर्व्हर कोणत्या क्रमाने सुरू करायचे, हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मंगलाष्टकं चालू आणि वधूपिता कोपऱ्यात जाऊन कमांड सांगतोय! माझी आई अकरा दिवस रुग्णालयात होती, तेव्हा मला ऑफिसमधून फोन आला तो फक्त तिची तब्येत विचारायला. तेवढ्यासाठी वहीची चाळीस पानं मला फार वाटत नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही बॅकअपमधून एक फाईल परत काढून पाहतो. परत न काढलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक. हे काम मी विभागातल्या सगळ्यात नव्या मुलाकडे देतो, वही त्याच्या हातात ठेवतो आणि खाली चहाला जातो. परत आल्यावर तो कुठे अडला ते विचारतो आणि ते पान पुन्हा लिहितो.