सायकलच्या दांडीत पेट्रोल

सायकलला इंजिन बसवणाऱ्या मुलांशी आज बोलायचं आहे, आणि त्यांच्याइतकंच त्यांच्या गल्लीतल्या वेल्डरशी.

टू-स्ट्रोकचं छोटं इंजिन, चेन, क्लचची तार आणि दोन लिटरची टाकी असा संच आज खोक्यात बांधून मिळतो. एखाद्या रविवारी तो जुन्या काळ्या सायकलवर चढतोही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हाताला काळं लागल्याशिवाय यंत्र कळत नाही, हेच मी आयटीआयच्या वेल्डिंग विभागात नोकरीभर शिकवलं. तक्रार आहे ती पुढच्या उद्योगाबद्दल. संचातली टाकी दांडीवर बेढब दिसते, गुडघ्याला लागते. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं, फ्रेम पोकळच आहे की! दांडीला वरून भोक पाडू, झाकण बसवू, खालून कॉक काढू. वेगळी टाकी हवी कशाला?

कल्पना टाकाऊ नाही, हे आधीच सांगतो. ऑस्ट्रियाच्या पुख मॅक्सी मोपेडचं पेट्रोल फ्रेमच्याच पोटात असे. अमेरिकेच्या ब्यूएल कंपनीनं 2002 च्या सुमारास मोठ्या मोटरसायकलचं पेट्रोल अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ठेवलं. पण त्या फ्रेम कागदावर उतरल्या त्याच मुळी टाकी म्हणून. आपली सायकल माणसाचं वजन पेलायला केलेली आहे. तिच्याकडून पेट्रोल सांभाळायचं काम कुणी अपेक्षिलेलंच नव्हतं.

आता मापं घ्या. दांडीचा बाहेरचा व्यास एक इंच. पत्र्याची जाडी वजा केली तर आत बावीस मिलिमीटर राहतात, लांबी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. गुणाकार करा, दोनशे मिलिलिटरच्या थोडं वर येईल. म्हणजे चहाचे दोन कप. खालच्या तिरक्या नळीत तीनशे मावतील, पण त्यातलं बरंचसं पेट्रोल कार्बोरेटरच्या पातळीखाली राहतं. पंप नसेल तर ते इंजिनापर्यंत चढणार कसं? उरली दांडी. लिटरला पन्नास किलोमीटर धरले तरी दोनशे मिलिलिटरमध्ये दहा किलोमीटर. संचातली टाकी तुम्ही फेकली ती दोन लिटरची होती.

विभागात मी मुलांकडून एक भंगारातली फ्रेम हॅकसॉनं उभी चिरून घेतली होती. हँडलची नळी आणि दांडी जिथे मिळतात तिथे पितळेचा पिवळा पदर दिसत होता. त्याच्या कडेला टाकणखाराची काचेसारखी खपली होती, नखानं टिचकी मारली की निघणारी. बाकी आत सगळीकडे गंज. आणि जोडाच्या मधोमध बोटाचं टोक जाईल एवढं भोक. ब्रेझिंग करताना, म्हणजे पितळेनं जोड देताना, तापलेली हवा निघून जावी म्हणून फ्रेम बनवताना बहुधा असं भोक ठेवतात. तुम्ही दांडीत ओतलेलं पेट्रोल त्याच भोकातून हँडलच्या बॉल रेसमध्ये जाणार, तिथलं ग्रीस धुऊन काढणार आणि चिमट्यावर ठिबकणार. ती भोकं बुजवली, असं मुलं अभिमानानं सांगतात. ठीक आहे, बुजवलीत. पण इंजिन मिनिटाला चार-पाच हजार फेरे फिरतं आणि त्याचा हादरा जातो तो थेट या जोडांत. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी गंज वाढवतं. गंजाचा कपचा सुटला की कार्बोरेटरचा जेट चोंदतो, जोड हलला की पाझर सुटतो. आज नाही तर पावसाळ्यानंतर, पण सुटतो.

पाझर सुटला की तुमचा मुलगा काय करतो? पेट्रोल बाटलीत काढून घेतो, सायकल उलटी करून झटकतो आणि वेल्डरकडे नेतो. म्हणतो, ‘काका, एवढा टाका मारून द्या, रिकामी आहे.’

श्रोतेहो, माझं सगळं भाषण या ‘रिकामी आहे’वर आहे. ती रिकामी नसते.

घरातला हिंगाचा डबा आठवा. हिंग संपून वर्ष झालं. आईनं डबा साबणानं घासला, उन्हात पालथा घातला, डोळ्यांना लख्ख दिसतो. मग त्यात साखर भरली आणि दुसऱ्या दिवशी चहाला हिंगाचा वास आला. हिंग कुठे होता? झाकणाच्या आट्यांत, बुडाच्या सांध्यात. तरी तो डबा रुंद तोंडाचा, हात घालून घासता आलेला. आता असा डबा डोळ्यांपुढे आणा, ज्याचं तोंड रुपयाएवढं आहे, लांबी दोन फूट आहे, आत गंजाची पुटं आहेत आणि दोन्ही टोकांना टाकणखाराच्या खपल्या आहेत. त्यात हिंग नव्हता, पेट्रोल होतं. तो तुम्ही झटकून रिकामा केलात म्हणता! गंजाच्या पुटात शिरलेलं पेट्रोल झटकल्यानं निघत नाही. बाहेरून दांडी थंड आणि कोरडी लागते. टॉर्चची आच लागली की ते पुटातून बाहेर येतं. वासानं निदान चहाच बिघडला होता.

किती पेट्रोल लागतं, तेही सांगतो, कारण आकडा ऐकल्याशिवाय मुलं मानत नाहीत. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असली की ते मिश्रण पेटतं. पेट्रोलच्या एका थेंबाची वाफ नऊ-दहा मिलिलिटर होते. दांडीची जागा दोनशे मिलिलिटर. म्हणजे एक थेंब, श्रोतेहो, फक्त एक थेंब, आणि दांडीत साडेचार-पाच टक्के वाफ, जवळजवळ मधला आकडा. काठोकाठ भरलेल्या नळीत हवाच नसते, आग लागली तर ती तोंडाशी लागते. झटकलेल्या नळीत हवा आणि वाफ दोन्ही असतात, आणि वेल्डरचं तोंड तिच्यापासून हातभर अंतरावर असतं. पेट्रोलची वाफ तर उणे चाळीस अंशांनाही पेट घेण्याइतकी सुटते, आपल्याकडच्या मे महिन्याची गोष्टच सोडा.

काही जुने मिस्त्री म्हणतात, टाकीत पाणी भरून टाका मारायचा, आम्ही कितीदा केलंय. मोठ्या टाकीबद्दल ते बोलत असतील. या नळीत पाणी भरलं तरी जोडाच्या कोपऱ्यात हवेचा कप्पा राहतो, आणि पाण्यामुळे पितळ धरण्याइतका जोड तापतच नाही. मग पाणी थोडं कमी करतात. तिथेच घात होतो.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि ज्यांनी आत्ताच रेडिओ लावला असेल त्यांच्यासाठीही सांगतो. ज्या नळीत एकदा पेट्रोल गेलं, तिला पुन्हा आच दाखवायची नाही. धुतली असली तरी नाही, सहा महिने उन्हात पडली असली तरी नाही. गळायला लागली तर फ्रेम बदला. जुनी फ्रेम भंगारात देतानाही सांगून द्या, कारण भंगारवाला ती गॅस कटरनं कापतो.

टाकी वेगळीच बरी, याचा एक जुना दाखला देतो. सोइचिरो होंडा यांनी 1946 साली जपानात हमामात्सुला लष्कराच्या वायरलेस संचांची जनरेटर इंजिनं सायकलला जोडायला सुरुवात केली. युद्ध नुकतं संपलेलं, हाती साहित्य नाही. पहिल्या नमुन्याला त्यांनी टाकी म्हणून लावलं घरातलं गरम पाण्यानं शेकायचं भांडं. फ्रेम तिथेही पोकळच होती! पण टाकी वेगळी राहिली. फुटली तर दिसेल, गळली तर काढून फेकता येईल. आपल्याकडे 1972 ला लुना आली, तिच्यावर तर...

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. कायद्याचं एका वाक्यात सांगतो. पंचवीस सीसीच्या वरचं इंजिन बसलं की ती सायकल राहत नाही, कायद्यानं मोटार वाहन होते आणि तिला नोंदणी, विमा, परवाना सगळं लागतं. बाजारातले बहुतेक संच त्याहून मोठे आहेत. पेट्रोलच नको असेल तर अडीचशे वॉटची विजेची मोटर आहे, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत ठेवली तर नोंदणीची गरज नाही. तिच्या बॅटरीचे स्वतःचे प्रश्न आहेत, ते आज राहिले.

शेवटचं अर्धं मिनिट माझ्या वेल्डरबंधूंना. दुकानात सायकलची फ्रेम, मोटरसायकलची टाकी, डबा, पिंप, काहीही आलं तर टॉर्च पेटवण्याआधी एवढंच विचारा, ‘यात आधी काय होतं?’ उत्तर पेट्रोल असेल तर काम परत पाठवा. गिऱ्हाईक रागावेल, शेजारच्या दुकानात जाईल. त्या शेजाऱ्यालाही फोन करून सांगा.